हिरूबायची निळी

आमच्या मेडिकलपासून कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत दोनशे पावलंसुद्धा भरणार नाहीत. हिरूबायला तेवढं अंतर कापायला पंधरा-वीस मिनिटं सहज लागायची. वाटेत जो दिसेल त्याच्याशी तिला बोलायचंच असायचं. शिंप्याच्या दारात थांबून त्याच्या आईच्या मोतीबिंदूची चौकशी व्हायची. केळीवाल्या भैयाला ती आपल्या हिंदीत विचारायची, गाव को कब जाने का. बँकेच्या पायरीपाशी वॉचमनची पोरं कितवीत गेली ते विचारून व्हायचं, आणि मग पुढे ट्रान्सफॉर्मरपाशी शेअर रिक्षा. बिल्डिंगीत मासळी द्यायला चढली तरी तेच. प्रत्येक मजल्यावर एका दाराशी पाटी टेकवून ती घरातल्या म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत सगळ्यांची विचारपूस करणार. लोक म्हणायचे, काय माया आहे हो या बाईला. मीसुद्धा म्हणायची.

ते थांबणं कशासाठी होतं हे मला कळायला चार वर्षं लागली. आणि मी कोण, तर दम-खोकल्याची औषधं विकणारी, डी.फार्म. झालेली बाई.

मी मूळची कराडची. लग्न होऊन बोईसरला आले आणि नवापूर नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्याला सासऱ्यांनी घेऊन ठेवलेल्या गाळ्यात दुकान टाकलं. इथल्या हवेला एक वास असतो. कारखान्यांकडून वारा आला की घशात बसतो, समुद्राकडून आला की सुक्या बोंबलाचा असतो. दोन्ही वारे माझं दुकान चालवतात असं मी चेष्टेत म्हणायची. माझ्या जिभेला हाड नाही असं सासूबाई म्हणायच्या, आणि त्या बाई कधी खोटं बोलल्या नाहीत.

हिरूबाय नवापूरची. ठेंगणी, सावळी, लुगडं घट्ट नेसलेलं, अंबाड्यात अबोलीचा गजरा. नवरा बोटीवर जायचा, घरी एकच मुलगी, कविता. ती एमआयडीसीत पॅकिंगला होती. हिरूबाय सगळ्यांना अरेतुरे करायची. मला तू, डॉक्टरला तू, बँकेच्या मॅनेजरलाही तू. मॅनेजर नवा आला तेव्हा जरा फुगला होता, पण तिने त्याला पापलेटचे डोळे कसे बघायचे ते शिकवलं आणि गडी निवळला.

तिचं खरं नाव होतं ते गाण्यासाठी. त्यांच्याकडे लग्नात बायका गाणी म्हणतात, मुहूर्तमेढीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं. एकीने पुढे म्हणायचं, बाकीच्यांनी मागून झेलायचं. पुढे म्हणणारी हिरूबायच हवी असं तारापूरपासून सफाळ्यापर्यंतची माणसं सांगायची. तिची गाणी कुठे लिहिलेली नव्हती. सगळी तिच्या डोक्यात होती, तिच्या आजीकडून आलेली. गळा जाड, पण असा लांब जायचा की मांडवाबाहेर चुलीवर बसलेल्या बायासुद्धा तिथूनच साथ द्यायच्या.

एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मी औषधं लावत होते. हिरूबाय आली, पाटी पायरीवर ठेवली, आणि काही न विचारता सरळ काउंटरच्या आत येऊन फ्रिजच्या आडोशाला उभी राहिली. कमरेच्या पिशवीतून तिने निळा पंप काढला आणि अत्तर मारावं तसा तोंडात दोनदा फुसफुस मारला. निम्मं औषध नाकातून धूर होऊन बाहेर आलं. ते संपल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. तिचे खांदे अजून वर-खाली होत होते.

"कुनाला बोलू नको, वयनी," ती म्हणाली. "गानारीला दम लागतो म्हनून समजला ना, मग मला कोन बोलवनार?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिंपी, भैया, वॉचमन, मजल्यामजल्यावरची दारं. बाई श्वास घ्यायला थांबत होती, आणि कोणाला कळू नये म्हणून बोलत होती. बोलायलाही श्वास लागतोच, पण तिने युक्ती काढली होती. प्रश्न एवढासा विचारायचा आणि उत्तर लांबलचक द्यायला लावायचं. समोरचा आपल्या आईच्या डोळ्याबद्दल पाच मिनिटं बोलला की हिरूबायची छाती जागेवर यायची.

मी तिला बजावलं की कोणाला सांगणार नाही, पण हा पंप तरी नीट घे. आधी हलव. मग श्वास पूर्ण बाहेर सोड. तोंडात धरून ओठ मिटून घे, आत ओढायला लाग आणि तेव्हाच दाब, सावकाश ओढ, आणि दहा आकडे होईपर्यंत धरून ठेव. दुसरा फवारा हवा असेल तर मिनिटभर थांब. आम्ही फ्रिजमागे उभं राहून शाळेतल्या कवायतीसारखं ते केलं. दहाला सोड म्हटलं तर ही बाई सोडेचना. मी मोजतेय, अकरा, बारा, तिची भुवई नुसती वर जातेय. पंचविसाला सोडला आणि म्हणाली, गानारीची छाती हाय. मला इतकं हसू आलं की बाहेर गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी मला कळलं नाही.

मग मी मागे लागून तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि नीट समजावलं. निळा पंप आकसलेल्या नळ्या तेवढ्यापुरत्या उघडतो. आतली सूज तो कमी करत नाही. त्यासाठी हा तपकिरी, रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, बरं वाटत असलं तरी घ्यायचा आणि वर चूळ भरायची. निळा फक्त अडचणीला. आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागायला लागला तर माझ्याकडे यायचं. आणि निळा घेऊनही दम थांबला नाही, तर घरी बसायचं नाही, थेट दवाखाना. हिरूबायने मान डोलावली. बाहेर आल्यावर मला विचारलं, यो डाक्टर मासळी कुनाकडून घेतो?

तपकिरी पंप तिने मोजून आठ दिवस घेतला. नवव्या दिवशी परत आणून माझ्या काउंटरवर ठेवला. "ही मुकी हाय," म्हणाली. निळी कशी घेतल्याबरोबर बोलते, छाती मोकळी करते. ही कायच बोलत नाय. मी सांगितलं की ती आत गुपचूप काम करते, तिला वेळ दे. तर ती म्हणे, माज्या सासूला पन मी असाच वेल दिला होता. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला असं उत्तर तयार असायचं, आणि मी हसले की आमचं भांडण तिथेच संपायचं. त्या दिवशीही मी हसले. तेव्हापासून आमच्यात त्यांची नावंच पडली, निळी आणि मुकी. मुकी काही पुन्हा तिच्या पिशवीत गेली नाही.

निळी मात्र मी देत राहिले. पहिल्या दोन वेळा चिठ्ठी मागितली. नंतर तिने लांबून एक बोट वर करायचं आणि मी कागदात गुंडाळून पाटीत टाकायची, असं सुरू झालं. एका पंपात दोनशे फवारे असतात. आधी तिला एक दोन महिने पुरायचा. मग महिना. मग वीस दिवस. हा हिशोब मला येत नव्हता असं नाही. मी दर वेळी म्हणायची, हिरूबाय, फार होतंय हं, डॉक्टरकडे चल. ती म्हणायची, लग्नसराई होऊ दे. माझ्या हातात न देणं होतं. पण न देऊन तिला दम लागलेला बघायचं धैर्य नव्हतं, आणि दुकान बंद करून तिचं बखोट धरून तिला न्यायची तसदीही मी दुसऱ्यांदा घेतली नाही.

आता बादलीचं सांगते.

तिचा पंप जुन्या पद्धतीचा, त्यावर किती उरले ते दाखवणारा आकडा नव्हता. एकदा तिने मला विचारलं, निळी भरलेली का रिकामी हे तुला समजतं का? मी म्हटलं, फवारे मोजायचे. ती मला हसली. मग दुकानातली फरशी पुसायची बादली पुढे ओढली, पंपातली धातूची कुपी काढली आणि पाण्यात सोडली. कुपी बुडी मारून वर आली आणि तोंड वर करून उभी राहिली. हिरूबायने समजावलं, तळाला गेली तर भरलेली, उभी रेली तर अर्धी, आडवी झाली तर संपली. जाळ्याचा तरंगता बोया पाण्यावर कसा बसतो त्यावरून जाळ्यात किती मासळी आहे ते सांगणारी माणसं ती. पाणी आपल्याशी खोटं बोलणार नाही असा त्यांचा भरवसा.

मला ते एकदम पटलं. पटलं म्हणजे काय, मी खूश झाले. डी.फार्म.ला कोणी शिकवलं नव्हतं ते एका मासळीवालीने दाखवलं, याचं मला कौतुक वाटलं. मी दहा जणांना सांगितलं. प्लँटवर काम करणाऱ्या एका ऑपरेटरला सांगितलं, त्याच्या बायकोला दमा होता. जवळच्या पाम गावच्या एका रिटायर तलाठ्यांना सांगितलं, त्यांना सगळे नाना म्हणायचे. हिरूबायची बादली म्हणून ते आमच्याकडे प्रसिद्ध झालं. कुठल्या पुस्तकात बघावं, कोणाला विचारावं, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

त्याच वर्षी पामला एका लग्नात मी तिचं गाणं पहिल्यांदा पोटभर ऐकलं. हळद होती. ती मधोमध बसलेली, भोवती पंधरा-वीस बायका. दोन गाणी झाली की ती उठायची, पान खाऊन येते म्हणायची आणि मांडवामागे जायची. मला कळत होतं ती कशाला जाते. परत यायची तेव्हा तिची बोटं थरथरत असायची, गळ्याची शीर उडताना दिसायची. निळी जास्त झाली की हात थरथरतात, काळीज धडधडतं, हे आम्हाला माहीत असतं. त्या बायकांना ते माहीत नव्हतं. माझ्या शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, हिरूच्या अंगात देवी येते, गाताना बघ कशी कापते. एका पोरीने तर वाकून तिच्या पायाला हात लावला. हिरूबायने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून डोळा मारला. त्या दिवशी मला ती फार आवडली.

नाना तलाठी एक दिवस काठी टेकत आले. पंधरा दिवस दिसले नव्हते. अंगावरचं मांस निम्मं झालं होतं. त्यांनी सांगितलं की एका पहाटे दम लागला, पंप घेतला, पुन्हा घेतला, काही उपयोग होईना. कुपी पाण्यात टाकून बघितली तर उभी. म्हणजे औषध आहे म्हणून पुन्हा घेत राहिले. मुलाने उचलून पालघरला नेलं म्हणून वाचले. तिथले डॉक्टर चिडून म्हणाले, हे पाण्याचं कोणी सांगितलं तुम्हाला? कुपीत औषध असतं आणि ते बाहेर ढकलणारा वायू असतो. औषध संपलं तरी वायू उरतो. फवारा येतो, फुस्स वाजतं, कुपी पाण्यात उभी राहतेसुद्धा, आणि छातीत काही पोचत नाही. शिवाय पाण्याने कुपीचं तोंड बुजतं ते वेगळंच. नाना हे सगळं शांतपणे सांगून म्हणाले, "बाई, तुमचं नाव मी त्यांना सांगितलं नाही हो."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या दिवशी आठवून आठवून मी सगळ्यांना फोन केले. ऑपरेटरच्या घरी स्वतः जाऊन आले. तिथपर्यंत मी शहाण्यासारखी वागले.

दुसऱ्या दिवशी हिरूबाय आली आणि तिने नेहमीसारखं एक बोट वर केलं. दुकानात चार-पाच माणसं होती. रात्रभर मी स्वतःलाच शिव्या घातल्या होत्या, आणि आता त्या घालायला समोर दुसरं माणूस मिळालं. मी म्हटलं, तुमच्या त्या बादलीपायी एक म्हातारा मरता मरता वाचला. म्हटलं, तुम्ही मासळी विका, औषधं शिकवू नका. म्हटलं, स्वतः दिवसाला दहा-दहा वेळा पंप ओढता, धड दोन मजले चढवत नाहीत तुम्हाला, आणि निघाल्या लोकांना शहाणपण सांगायला. हे सगळं मी खणखणीत आवाजात म्हटलं. मी स्वतः दहा जणांना तेच सांगितलं होतं, ते मात्र म्हटलं नाही.

गिऱ्हाइकांत नवापूरच्या दोन बायका होत्या. हिरूबायने आधी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. तिने पाटी उचलली, एका हाताने अंबाड्यावरचा गजरा सारखा केला आणि गेली. त्या गडबडीत औषध संपतं आणि वायू उरतो, ही एकच कामाची गोष्ट तिला सांगायची राहून गेली. तिने ऐकलं ते फक्त एवढंच, की वयनीने चारचौघांत आपलं गुपित फोडलं.

नंतर ती आमच्या रस्त्याला यायची बंद झाली. सहा-सात महिने गेले. कविता एकदा तापाची गोळी घ्यायला आली तेव्हा तिच्याकडून कळलं ते कळलं. त्या दोघींनी गावात सांगितलं होतं. त्या सराईत दोन लग्नांना हिरूबायला सोडून तारापूरची दुसरी बाई बोलावली गेली. कोणी तोंडावर काही म्हटलं नाही. तब्येत बरी नाही तर आराम कर, असं गोड बोलून टाळलं. आई घरी एकटीच गाणी म्हणत बसते, कविता म्हणाली. निळी आता आई दुसऱ्या दुकानातून घेते, पण ते चिठ्ठीशिवाय देत नाहीत, म्हणून पुरवून पुरवून वापरते. मी म्हटलं, तिला म्हणावं माझ्याकडे ये. कविता बरं म्हणाली. मी एक पंप तिच्याच हाती द्यायला हवा होता, आणि कसा मोजायचा ते कागदावर लिहून द्यायला हवं होतं. निरोपाने काम भागेल असं मला वाटलं.

आणि एका सकाळी हिरूबाय खरंच आली. डोक्यावर पाटी नव्हती. नवं लुगडं, हातात लग्नपत्रिका आणि अक्षता. कविताचं लग्न ठरलं होतं, मुलगा सफाळ्याचा. मी काउंटरच्या बाहेर आले. मी चुकले, म्हटलं, त्या दिवशी मी फार वाईट बोलले. तिने मला पुढे बोलू दिलं नाही. राहू दे, म्हणाली, तुजी जीबच तशी हाय. आणि पत्रिकेवर अक्षता ठेवून माझ्या हातात दिली. तिचा हात थंडगार होता.

"हलदीला मीच गानार," ती म्हणाली. "पयल्यापासून शेवटापर्यंत. सगल्या बायांना बोलवलंय. तू बघायला ये."

सगल्या बायांना हे तिने ज्या प्रकारे म्हटलं, त्यात माझं ते चारचौघांतलं बोलणं होतं, त्या दोघी होत्या आणि तारापूरची ती दुसरी बाई होती. मला कळलं. मी हळूच विचारलं, निळी आहे ना जवळ?

तिने कमरेच्या पिशवीवर थाप मारली. "हाय ना. सकालीच बघितली. ताठ उभी."

माझ्या हाताशी ड्रॉवर होता. त्यात नवा पंप होता, आकडा दाखवणारा. माझा हात ड्रॉवरच्या मुठीपर्यंत गेला होता, हे मी देवाशपथ सांगते. पण मनात आलं, आत्ता कुठे बाई सात महिन्यांनी दारात आलीय, पोरीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आलीय. पुन्हा तेच काढलं तर पुन्हा दुखावेल. आज नको. हळदीला जाऊ तेव्हा सोबत नेऊ आणि गोड शब्दांत सांगू. एवढी वर्षं जीभ आवरायला शिकले नव्हते, आणि आवरली ती नेमकी त्या दिवशी.

हळदीच्या दिवशी मी दुकान लवकर बंद करून चारला निघणार होते. पिशवीत साडी भरली होती आणि तो पंपसुद्धा. तीनच्या सुमाराला फोन आला.

पुढचं मला कविताने सांगितलं. सकाळपासून हिरूबाय एकटीने पुढे म्हणत होती. कोणाला जागा दिली नाही. आवाज असा लागला होता की त्या दोघींपैकी एक रडली. बाहेर मोठ्या चुली पेटलेल्या, मांडवात धूर आणि हळदीची पूड. ती दोनदा मागे जाऊन आली. तिसऱ्यांदा गेली नाही, तिथेच बसल्या जागी पदराआड पंप ओढला. मग एका ओळीच्या मध्येच तिचा आवाज गेला. बायकांना वाटलं आपल्याला म्हणायला सोडलंय, त्यांनी आवाज चढवला. हिरूबाय मांडवाच्या खांबाला टेकली. पंप फुसफुसत होता. ती ओढत होती, पुन्हा ओढत होती. ती कापायला लागली, मान मागे गेली. आणि कोणीतरी म्हणालं, देवी आली.

बायकांनी हात जोडले. एकीने तिच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. एकीने ताटलीत कापूर पेटवून तिच्या तोंडापुढून ओवाळला. गाणं चालूच होतं, उलट जोरात. कविता आत होती, अंगाला हळद लागलेली. ती बाहेर आली तेव्हा तिने कापराच्या पलीकडे आईचे ओठ बघितले. ओठ निळे पडले होते. तिने ताट उडवलं आणि रिक्षा रिक्षा म्हणून ओरडत सुटली. नवापूरहून बोईसरला येताना रिक्षा माझ्या दुकानावरूनच गेली. मी तेव्हा काउंटरमागे पिशवीत साडीला जुळणारं ब्लाऊज टाकलंय का ते शोधत होते.

दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर मला नंतर म्हणाले, नुसत्या रिकाम्या पंपाने गेली असं समजू नका. वर्षानुवर्षं सूज तशीच ठेवून वरवर निळ्यावर निभावलं, म्हणून छाती आतून चोंदत गेली. मुकी घेत असती तर कदाचित ती वेळच आली नसती. ते समजूत घालायला बोलले. मला तर ते दुसरं आरोपपत्र वाटलं.

तेराव्यानंतर कविता दुकानात आली. तिचं लग्न पुढे चार माणसांत झालं, पण तेव्हा अजून व्हायचं होतं. तिने माझ्याकडे पेलाभर पाणी मागितलं. मी दिलं, मला वाटलं प्यायला हवंय. तिने पिशवीतून आईचा पंप काढला, कुपी सोडवली आणि पेल्यात टाकली. कुपी उभी राहिली. जराशी डुलली आणि पुन्हा उभी राहिली.

"काकी, यात औषध हाय," ती म्हणाली. "आईने सकाळी पन बघितला होता. मग ती कशी गेली?"

मी काउंटरच्या आत होते. बाहेर आले आणि तिच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं. औषध आणि वायूचं सांगितलं. ती बादली मला पटली होती हे सांगितलं, मीच दहा जणांना शिकवली हे सांगितलं. तिच्या आईला चारचौघांत काय काय बोलले ते शब्दन् शब्द सांगितलं. ड्रॉवरचंही सांगितलं. कविता ऐकत होती. मध्ये एकदा तिने कुपीला बोटाने टिचकी मारली. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, आई तुमच्यावर रागावली नव्हती, पत्रिका पहिली तुमचीच लिहिली होती. हे तिने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मग तिने पेला बाहेर रस्त्यावर रिकामा केला, कुपी ओढणीला कोरडी पुसली, पंपात बसवली आणि घेऊन गेली.

आता माझ्या दुकानातून पंप घेऊन कोणी तसंच जात नाही. चिठ्ठी बघते, माझ्यासमोर घ्यायला लावते, पहिल्या दिवसाची तारीख चिकटपट्टीवर लिहून पंपाला लावते. कोणी निळा लवकर संपवून आलं की शटर ओढून त्याला घेऊन डॉक्टरकडे जाते. लोक म्हणतात, काय माया आहे हो या बाईला. मला ते ऐकवत नाही.

हिरूबायला मी शेवटची बघितली ती पत्रिका देऊन गेली तेव्हाच. मी पायरीवर उभी राहून बघत होते. ती शिंप्याच्या दारात थांबली, त्याला पत्रिका दिली, तो बराच वेळ काही सांगत राहिला. मग केळीवाल्यापाशी थांबली. मग बँकेच्या पायरीपाशी. मला वाटलं, सगळ्या रस्त्याला आमंत्रण करतेय, आनंदात आहे. बँकेच्या पुढे एक बंद गाळा आहे, कित्येक महिने शटर खाली असलेला. तिथे ती पुन्हा थांबली. शटरला हात टेकून, मान खाली घालून. तिथे बोलायला कोणी नव्हतं.

मी ते बघितलं. तेवढ्यात मागून एकाने खोकल्याचं औषध मागितलं, म्हणून मी आत वळले.